मदत हवी आहे: ज्यान मारिया व्होलोन्तेच्या सिनेमाला मराठी सबटायटल, इटालियन येणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, नाहीतर नक्की काय हवंय ते कळणार नाही.

मागच्या महिन्यात बाबांसोबत ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ हा काउबॉय सिनेमा बघितला. आम्ही सगळे हीरोकडे, क्लिंट ईस्टवुडकडे बघतोय आणि बाबांची नजर व्हिलनवरून हटेना. तो एल इंदिओ खिशातलं घड्याळ उघडतो, त्यातलं संगीत वाजत राहतं, ते थांबलं की गोळी, आणि तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर घाम आणि कसलं तरी जुनं दुखणं दिसतं. बाबा म्हणाले, हा नट कोण बघ गं.

हा व्होलोन्ते. मिलानमध्ये १९३३ ला जन्म, रोमच्या अ‍ॅकॅडमीत नाटक शिकलेला, ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये तर त्याचं नाव अमेरिकन करून जॉन वेल्स लावलेलं. मग शोधत गेले तर खरा खजिना पुढेच निघाला! दिग्दर्शक एलिओ पेत्रीच्या १९७० च्या सिनेमात तो पोलीस अधिकारी आहे, स्वतः खून करून स्वतःच पुरावे मागे ठेवतो, मला कोण हात लावतंय बघू म्हणून. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. आणि १९७२ ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च बक्षीस दोन सिनेमांना विभागून गेलं, दोन्हींत हीरो हाच, एकात तेलकंपनीचा साहेब मात्तेई आणि दुसऱ्यात, ‘द वर्किंग क्लास गोज टू हेवन’मध्ये, कारखान्यातला कामगार लुलू.

मला बाबांना हा लुलूचाच सिनेमा दाखवायचाय. बाबांनी २८ वर्षं लेथवर काढली, पीस रेटवर, म्हणजे जितके नग तितके पैसे. लुलू सगळ्यांत फास्ट, त्याच्या स्पीडवर बाकीच्यांचा टाइम ठरतो म्हणून सगळे त्याच्यावर खार खाऊन, आणि मग मशीनमध्ये त्याचं बोट जातं. बाबांच्याही उजव्या हाताचं एक पेर नाहीये. इंग्रजी सबटायटल त्यांना वाचेपर्यंत निघून जातात, म्हणून मीच मराठीत करतेय, १४० ओळी झाल्यात.

अडलंय ते असं. ‘कॉत्तिमो’ या इटालियन शब्दाला मी पीस रेट लिहितेय, बरोबर आहे का? कामगारांच्या आपसातल्या शिव्या आणि घोषणा इंग्रजीत फारच गुळगुळीत केल्यासारख्या वाटतात, मूळ ऐकून कोणी सांगेल का? आणि टीव्हीवर पेनड्राइव्ह लावला की देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात, फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी अक्षरं ज्यात नीट साठतात त्या पद्धतीत) सेव्ह केलीय तरी.

दिवाळीत बाबा इकडे येणारेत, तोपर्यंत झालं तर फार बरं होईल.