अनुभव धागा: अण्णाजींना हत्तीच्या पायी दिलं तेव्हा तुमच्या घरी काय झालं?

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ पुन्हा बघतेय. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतल्या अण्णाजी दत्तोंना संभाजीराजांनी दिलेल्या शिक्षेपाशी आमच्या घरात दोन तट पडतात. बघताना तुम्हाला काय वाटलं ते लिहा. जातीवरून भांडायचं असेल तर कृपया दुसरीकडे.

*

आज्जीने टाळ्या वाजवल्या! एरवी घरात कोंबडी कापायची म्हटलं तरी ही शेजारी जाऊन बसते. पण अण्णाजी पडद्यावर आले की तिचं ‘आला बघ मुडदा’ सुरू व्हायचं.

*

मला शिक्षा पटली. आधी माफी मिळाली होती, हे कुणी लक्षातच घेत नाही. १६८० मध्ये थोरले महाराज, म्हणजे शिवाजी महाराज, गेल्यावर सोयराबाईंच्या मुलाला, राजारामांना, गादीवर बसवून संभाजीराजांना पन्हाळ्यावर कैद करायचा बेत झाला, त्यात अण्णाजी पुढे होते. सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरसेनापती हंबीररावच राजांच्या बाजूने उभे राहिले म्हणून तो फसला. तरी राजांनी अण्णाजींना सोडलं, वर मुजुमदारी, म्हणजे जमाखर्चाचं मोठं पद, दिली. मग १६८१ मध्ये विषप्रयोगाचा कट, आणि औरंगजेबाच्या बंडखोर मुलाशी, अकबराशी संधान. अकबरानेच ती पत्रं राजांकडे पोचवली. अजून किती वेळा पोटात घालायचं?

*

महसूल खात्यात नोकरी झाली माझी, त्यामुळे अण्णाजी म्हटलं की मला आधी त्यांनी केलेली जमीनमोजणी आठवते. काठीने शेत मोजायचं, जमिनीचा कस बघायचा, मग धारा (शेतसारा) ठरवायचा. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठेक गड्यांनिशी पन्हाळा घेतला, त्या मोहिमेतही हे होते. मालिकेत मात्र मला आठवतात ते कोपऱ्यात कुजबुजणारे अण्णाजी. अशा माणसाला हत्तीने चिरडलं तर हळहळणार कोण? शिक्षा योग्य की अयोग्य हे प्रेक्षकाला ठरवूच दिलेलं नाही.

*

+१. पार्श्वसंगीत बंद करून तो प्रसंग बघा एकदा.

*

माझं घोडं अडतं बाळाजी आवजींपाशी. थोरल्या महाराजांचे चिटणीस, त्याच कटाच्या संशयावरून मुलासकट मारले गेले. राजांना पुढे पश्चात्ताप झाला असं सांगतात. चिटणिशी मात्र त्यांच्याच मुलाकडे, खंडो बल्लाळांकडे आली. सहावीतल्या लेकीने विचारलं, ‘बाबा, मग अण्णाजींचं तरी नीट तपासलं होतं का?’ मी रिमोट शोधायला लागलो.

*

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना बाहेर काढताना याच खंडो बल्लाळांनी आपलं वतन शिर्क्यांना सोडून दिलं, अशी हकिगत आहे. बापाला असं मारल्यावरही!

*

माझं माहेर शिर्क्यांचं. संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले त्या फितुरीचा आळ गणोजी शिर्क्यांवर आहे; ते भाग चालू होते तेव्हा भाच्याला शाळेत ‘गणोजी’ म्हणून चिडवायचे. इतिहासकारांत त्यावर अजून वाद आहे, पण मधल्या सुट्टीत कागदपत्रं कोण बघतं? अण्णाजींना निदान एकदाच मारलं.