पोट्टी डिटेक्टिव्ह झाली, साबणचोर काही सापडून नाई रायला. काय करू?

किराणावाला_घाटंजी
नमस्कार मंडळी. प्रश्न जरासा येडपट आहे, हसा पण उत्तर द्या.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, लहानसंच. आमच्या ओळीत पंधरा-वीस दिवसांपासून अंगाचे साबण गायब होऊन रायले. सगळ्यांच्या न्हाण्या मागच्या आंगणात, तट्ट्याच्या आडोशाच्या, वरून उघड्या, दगडावर साबणाची डबी. एक जण अंघोळ करून बाहेर येते, दुसरा जाते तं साबण नाई. आतापर्यंत आठ घरचे अकरा साबण गेले. हा आकडा माझा नाई, माझ्या पोट्टीचा आहे. अकरा वर्षांची आहे, पाचवी झाली. आपल्याकडं शाळा उघडते जूनच्या शेवटी, ४४-४५ डिग्रीत बाहेर कोण जाऊ देते, मंग रिकामी पोट्टी काय करन, दोनशे पानी वही घेतली अन् तपास सुरू केला. वहीवर स्केचपेननं मोठ्ठं "गुप्त" लिवलं अन् वही ठेवते टीव्हीवर.

त्या वहीत संशयित नंबर एक म्हणून माझं नाव आहे. कारण काय तं "बाबाचं किराणा दुकान, साबण गेला का लोक बाबाकडूनच नवा घेतात, फायदा बाबाचा". मी म्हटलं बाई, एका वडीमागं मले सुटते किती, रुपया-दीड रुपया. तं म्हणते "म्हणजे सुटते ना?" अन् लिहून घेतलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण आता ओळीतले लोक विटाभट्टीवर आलेल्या एका मजुराच्या पोट्ट्याचं नाव घेऊन रायले. थो बोअरवर पाणी भरायले येते, तेवढाच त्याचा गावाशी संबंध. परवा एका काकूनं त्याचा पाण्याचा गुंड उलटा करून पाहिला, भरलेलं पाणी सांडलं, साबण काही निघाला नाई. पोट्टी घरी येऊन रडली, म्हणते थो नाई होय. मंग कोण, तं थे तिले सांगता येत नाई. रात्री न्हाणीत राख पसरवते पाय उमटाले, सकाळी आमच्या मायचा पाय घसरता घसरता वाचला. अन् घरोघर जाऊन "काल रात्री तुम्ही कुठी होते" इचारते, दोन तक्रारी दुकानात आल्या. एक जण तं उधारीवर होता अन् थोच जास्त चिडला.

बंद कराले लावू का हे? का कोणाले माहीत आहे चोर कसा धरायचा?

धुऱ्यावरचा
भाऊ चोर बीर काही नाई, घूस आहे. साबणात चरबी-तेल असते, घूस आन् उंदीर बराबर खातात. आमच्या घरी मोरीच्या भोकातून यायची, अर्धी वडी जाग्यावर कुरतडलेली अन् अर्धी गायब. न्हाणीच्या मागं ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग दिसते का पाय. दिसला का केस खतम. पोट्टीले सांग वही मिटव, आंबे खा.

रानवेडा_टिपेश्वर
घूस असेलही, पण आधी ठसा पाहू द्या पोरीला, आयडिया चांगली आहे तिची, फक्त राख चुकीची. राख उडते आणि ओली झाली की चिखल. बारीक माती गव्हाच्या चाळणीतून चाळायची, बोटाच्या पेराएवढा थर, वरून पट्टीने सपाट. जंगलात आम्ही वाटेवर असंच करतो. आधी वाघसुद्धा ठशावरूनच मोजायचे, ठशावर काच ठेवून स्केचपेनने गिरवायचं, नाहीतर प्लास्टर ओतायचं. २००६ च्या गणनेपासून कॅमेरे आले.

ठसा मिळाला तर असं बघायला सांगा. उंदीर-घुशीच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. मांजराला चार, आणि नखं उमटत नाहीत कारण ती आत ओढलेली असतात, कुत्र्याची उमटतात. मुंगसाला पाच आणि लांब नखं. मसन्याउदालाही पाच. आणि तो थर न्हाणीच्या दारात टाका, आत नको, आजीबाईंचं हाड मोडलं तर डिटेक्टिव्ह एजन्सी बंद.

एक महत्त्वाचं, साबण दिवसा जातो का रात्री? घूस रात्रीची. हे कोणी पाहिलं का?

मास्तरीण
बंद नका करू हो. माझ्या वर्गातली पोरं सुट्टीत नुसती मोबाईलला चिकटलेली असतात. फक्त प्रश्न बदलायला सांगा. "तुम्ही कुठे होते" विचारलं की समोरचा आरोपी होतो, माणूस चिडणारच, त्यातून उधारीवाला तर बिचारा आधीच घाबरलेला. त्याऐवजी "साबण शेवटचा कधी पाहिला आणि नाही हे कधी कळलं" एवढंच विचारायचं. प्रत्येक घराची एक ओळ, दोन वेळा. आणि तिला सांगा, काय गेलं हे जसं लिहिते तसं काय राहिलं तेही लिही. न्हाणीत साबणाशिवाय बाकी काय होतं ज्याला हात लागला नाही?

बोटांच्या ठशांचा नाद असेल तर दगडावर काही मिळणार नाही. स्टीलचा गिलास किंवा काच घ्यायची, मऊ ब्रशने टाल्कम पावडर फिरवायची, जास्तीची फुंकायची, मग चिकटपट्टी लावून उचलायची आणि काळ्या कागदावर चिकटवायची. माझ्या पोरांनी वर्गात केलंय, सगळ्यांचे ठसे वेगळे निघाले म्हणून अर्धा तास आरडाओरडा. तिला हेही सांगा की जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो आपल्याच देशात निघालं, कलकत्त्याला, १८९७ मध्ये.

किराणावाला_घाटंजी
तीन दिवस लागले उत्तर द्याले, माफ करा, लग्नसराई आहे.

घुशीचा मातीचा ढीग आहे, पण दोन घरं सोडून. आमच्या न्हाणीत मोरीले जाळी आहे. चाळलेली माती दोन रात्री टाकली. पयल्या रात्री आमचंच मांजर, चार बोटं, नख नाई, पोट्टी खुश. दुसऱ्या दिवशी सकाळी साबण गेला अन् मातीवर एकही ठसा नाई! मायचा पण नाई, माय त्या दिवशी भीतीनं न्हाणीत गेलीच नाई.

मास्तरीण बाई, तुमच्या प्रश्नानं काम झालं. घरोघरची टाइम लिवली तं समजलं का साबण रात्री जातच नाई. पहाटं पाचला असते, सगळ्यांचा जाते सहा ते नऊच्या मधात. आन् थो भट्टीवरचा पोट्टा पाण्याले येते दुपारी चारला, त्याच्या आधी थो गारा तुडवत असते. हे पोट्टीनं मले सांगितलं नाई, वही समोर आणून ठेवली अन् बोट ठेवलं.

दुसरं, "काय राहिलं" त्याच्या खाली तिनं लिवलं: कपड्याची वडी कोणाचीच गेली नाई. शाम्पूच्या पुड्या तशाच. अन् दोन घरी नवीकोरी अंगाची वडी डबीत होती, थे सोडून बाजूची झिजलेली नेली. म्हणते, "बाबा, चोर असता तं नवी नेली असती. झिजलेली कायले नेन कोणी?" मी दुकानदार माणूस, वीस वर्षं साबण विकून रायलो, हे माझ्या डोक्यात आलं नाई.

पण मंग कोण? चोर उडते का काय?

पऱ्हाटीवाली
अवो भाऊ, उडतेच तं!!! शेवटची ओळ तुम्ही मजाकीनं लिवली अन् उत्तर तिथंच आहे. कावळा आहे बाप्पा कावळा. जमिनीवर पाय नाई, न्हाणी वरून उघडी, टाइम सकाळचा, नवी वडी चोचीत मावत नाई म्हणून झिजलेली नेते. माझ्या सासरी कावळ्यानं तीन साबण नेले होते, अन् सासूबाईनं तीन महिने माझ्यावर डाउट घेतला का ही माहेरी पाठवते. माहेरी साबण! कोण पाठवते हो साबण माहेरी? एक दिवस थे स्वतः भांडे घासून रायल्या होत्या तं समोरून घेऊन गेला, वडी जड झाली, मधातच पाडली त्यांच्याच तुळशीत. मले काही बोलल्या नाई, पण त्या दिवसापासून साबण सापडला नाई तं आधी वर पाहतात.

कावळ्याले साबणातलं तेल-चरबी आवडते. अन् सगळा खात नाई, लपवून ठेवते. तुमच्याकडं कवेलूची, म्हणजे कौलारू, घरं असतीन तं कवेलूच्या खाली पाय. पण पोट्टीले झाडावर घरट्याजवळ चढू देऊ नका, ह्या दिवसात पिल्लं असतात, डोक्यावर टोचते.

रानवेडा_टिपेश्वर
ताई बरोबर. मी खालीच बघत बसलो, सवय. लपवताना कावळा आजूबाजूला कोणी बघतंय का हे पाहतो, बघतंय वाटलं तर जागा बदलतो. म्हणून पोरीला आंगणात उभं राहू देऊ नका, आतून बघू द्या. एक झिजलेला तुकडा नेहमीच्या जागी ठेवा आणि वाट बघा.

धुऱ्यावरचा
मी अजून बी घूसच म्हणतो.

किराणावाला_घाटंजी
तं ऐका. रविवारी पोट्टी साडेपाचला उठली, शाळेत असतानी सातला उठत नाई. कोठ्यात कुटाराच्या ढिगामागं बसली, तिच्यासोबत मी बी, दुकान बंद ठेवून, कारण संशयिताले नजरेआड करायचं नाई असं तिचं म्हणणं. म्हशीनं दोनदा माझं डोकं चाटलं. पावणेसात वाजले असतीन, एक कावळा तट्ट्यावर बसला, मान इकडं-तिकडं, मंग दगडावर उतरला. डबीकडं सरळ नाई गेला, बाजूनं दोन उड्या मारल्या, तुकडा उचलला, पडला, परत उचलला अन् गेला. पोट्टी श्वास घेऊन नाई रायली. समोरच्या घरच्या कवेलूवर बसला, एका फटीत तुकडा कोंबला, चोचीनं आत ढकलला, वरून एक वाळलं पान ठेवलं. पान ठेवलं हो! माणसागत.

समोरच्या घरी कवेलू फेराले माणूस या आठवड्यात येणारच होता, त्याले म्हटलं आजच ये. निघाले सात तुकडे, चोचीचे खड्डे पडलेले, एक-दोन उन्हानं कवेलूले चिकटले. त्यातल्या एकावर बारीक दाताच्या जोड्या-जोड्यानं खुणा, म्हणजे उंदीर बी वर जाऊन जेवला होता. धुऱ्यावरचे भाऊ, तुमचे अर्धे मार्क. शिवाय बाटलीचं एक झाकण अन् पोट्टीचाच हरवलेला खोडरबर.

पोट्टीनं साती तुकडे ताटात मांडले अन् त्या काकूच्या घरी गेली जिनं गुंड सांडला होता. मी मागं दारात उभा. काकूनं पाहिलं, आपला गुलाबी तुकडा ओळखला, अन् म्हणते काय, "त्या पोट्ट्यानंच सवय लावली असन कावळ्याले." पोट्टी काही बोलली नाई. तिथंच उभ्या उभ्या वहीत लिवलं. घरी येऊन मी पाहिलं, लिवलं होतं: साक्षीदार पुरावा पाहूनही मानत नाही, पुन्हा जाणे.

संध्याकाळी चारला बोअरवर गेली, त्या पोट्ट्याले सगळं सांगितलं. त्याले कावळ्याचं काहीच नवल नाई वाटलं, म्हणे आमच्या झोपडीवरची भाकर रोज नेते. मंग थे दोघं मिळून अर्धा घंटा कावळ्यालेच गोटे मारत होते, मी हाक मारून बंद केलं.

आता न्हाणीत डबीवर झाकण आहे, साबण जाणं बंद. मी म्हटलं चला, केस संपली, माझं नाव खोड. तं म्हणते आधीचे अकरा, मंगचे दोन, तेरा गेले, सापडले सात. सहा बाकी आहेत, बाबा.