गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर आधी क्रँक सेन्सर बघा
तुम्ही लिहिलंय की गाडी सकाळी मस्त चालते, अर्ध्या तासाने सिग्नलला बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं थांबलं की परत सुरू होते, आणि वर दोघांनी फ्युएल पंप बदला सांगितलंय, तर प्लीज एवढ्यात पंपाला हात लावू नका.

माझ्या पेट्रोल हॅचबॅकला सेम हेच होत होतं. गॅरेजवाल्याने प्लग, कॉइल, फिल्टर सगळं बदललं, तरी गाडी घाटात मुलं आत असताना बंद पडली, फार घाबरलो होतो त्या दिवशी. शेवटी निघाला क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का आणि किती वेगाने हे सांगणारा क्रँक सेन्सर! तो तापला की सिग्नल देणं सोडतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन फिरतंय हेच कळत नाही मग स्पार्क पण बंद आणि इंजेक्टर पण बंद, थंड झाला की परत नॉर्मल.

बंद पडल्या पडल्या ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले रीडिंग आणि एरर कोड दाखवणारं यंत्र) लावून स्टार्टर मारा. आरपीएम ० च दाखवत असेल तर सेन्सर नाहीतर त्याचं वायरिंग. पी०३३५ (क्रँक सेन्सरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा) कोड आला तर उत्तमच, पण नाही आला म्हणून सेन्सर चांगला असं धरू नका, मला आलाच नव्हता. आरपीएम २०० च्या आसपास दिसतोय तरी सुरू होत नाही, तर मग फ्युएल प्रेशर मोजून घ्या.

थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) कार्बन असला तर गाडी बहुतेक आयडलिंगला बंद पडते पण लगेच सुरूही होते, एवढं थांबावं लागत नाही.

आणि हो, चालत्यात बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या.