पाटणादेवी, कन्हेरगड आणि पितळखोरं एका दिवसात होईल का?

धुळ्याची मंजू
नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायचं म्हणतोय. मी, माझे वडील (वय ६४, रोज शेतात फिरणारे, पण उतरताना गुडघा दुखतो), भाऊ आणि त्याची कॉलेजात शिकणारी दोन मुलं. गाडी घरची आहे, धुळ्याहून पहाटेच निघू. मुलांचा हट्ट आहे की देवीचं दर्शन, कन्हेरगड, केदारकुंडाचा धबधबा आणि तिथूनच जंगलातून वर पितळखोऱ्याची लेणी, सगळं एकाच दिवशी करायचं. नकाशावर पितळखोरं अगदी मागेच दिसतं. जमेल का? वाटाड्या लागतो का? पाणी किती न्यावं?

कन्नडकर
पितळखोरं बघायचं तर आमच्या बाजूने, वरून या. गाडी माथ्यापर्यंत येते, पुढे पायऱ्यांनी खाली उतरायचं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली लेणी आहेत ती. ओळीने कोरलेले हत्ती, खांबांवरची रंगीत चित्रं, हे घाईत बघण्यासारखं नाही. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, तसं मूर्तीवरच कोरलेलं आहे.

डोंगरीकाठचा
मंजूताई, एका दिवसात चारही व्हायचं नाही. मी चाळीसगावचा, लहानपणापासून या डोंगरात फिरतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. कन्हेरगड करा, दुपारी खाली या, निवांत जेवा. आभाळ मोकळं असेल तरच केदारकुंडाकडे जा. पितळखोऱ्यासाठी कन्नडकर म्हणतात तसा वेगळा दिवस काढा. नकाशावर जे मागेच दिसतं, तिथे मध्ये अख्खी दरी आहे आणि वर कडा. त्या दिवसांत गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, पायवाट बघता बघता हरवते.

तुम्ही प्यायच्या पाण्याचं विचारलंत. माणशी तीन लिटर न्या, चढावर दमट उकाडा फार होतो. पण मला काळजी नाल्याच्या पाण्याची आहे. पाटण्याच्या दरीच्या डोक्यावर कन्नडचं पठार आहे. वर पाऊस झाला की ते पाणी कड्यांवरून याच दरीत उतरतं. देवळापाशी लख्ख ऊन असतं आणि तेवढ्यात नाला फुगतो. आधी पाणी गढूळ होतं, मग वाळकी पानं आणि काटक्या वाहत येतात, आवाज त्यानंतर येतो. पानं दिसली की जो ज्या काठावर असेल त्याने तिथेच उंचावर थांबायचं. सामान घ्यायला, फोटो काढायला कोणी पाण्यात उतरायचं नाही. पाणी ओसरायला दोन तास लागले तरी बसून राहायचं. ३१ ऑगस्ट २०२१ आम्ही चाळीसगावकर विसरणार नाही. आदल्या रात्रीपासून डोंगरावर पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी आल्या आणि तितूर-डोंगरी नद्यांच्या पुरात लोकांची घरंदारं, दावणीची गुरं गेली. म्हणून पोरांना निघण्यापूर्वीच एक वेळ ठरवून द्या. बारा वाजता जिथे असाल तिथून माघारी. गड थोडाच राहिला असेल तरीही.

आता गडाबद्दल. सकाळी सातला पायथ्याशी या. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं, तिथेच वाटाड्याची चौकशी करा. जवळच्या वाडीतला एखादा माहीतगार नक्की घ्या. हे गौताळा अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं. बिबट्या, अस्वल, नीलगाय सगळं आहे, त्यामुळे पाचही जण एकत्र चाला. आधी चंडिकेचं, म्हणजेच पाटणादेवीचं दर्शन घ्या, आणि देवळाला बाहेरून एक फेरी मारा. भिंती सरळ न जाता कोनाकोनाने आतबाहेर वळतात, ताऱ्यासारख्या. मुलांना हेही सांगा की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केला. तसं सांगणारा १२०७ चा शिलालेख पाटण्यातच मिळाला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. आपल्या खान्देशात, या झाडीत, गणित शिकवलं जात होतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

पुढे महादेवाचं जुनं देऊळ, मग चढ, वाटेत नागार्जुन कोठडी आणि सीतान्हाणी ही लेणी. सागाला त्या दिवसांत पांढरा मोहर असतो. मुलांना सागाचं कोवळं पान बोटांत चुरडायला सांगा, बोटं लालभडक होतात.

बाबांना चढ जमेल. अडचण उताराची आहे, मुरमावर पाय सरकतो. हातात काठी द्या, आणि नागार्जुन कोठडीच्या वर त्यांना नेऊ नका. तुमच्यापैकी एकाने त्यांच्यासोबत तिथेच थांबावं.

एरंडोलचा भूषण
लेण्यांच्या छतांना आणि कड्याला आग्यामोहळं असतात. अत्तर, सेंट लावून जाऊ नका. धूर, आरडाओरड, दगड मारणं तर अजिबात नको. मुलांना हे दोनदा सांगा.

धुळ्याची मंजू
भाऊ, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. पितळखोरं रद्द केलं, मुलांची समजूत घातली. नागार्जुन कोठडीपाशी बाबांसोबत मीच थांबेन. जेवण घरून आणायचं म्हणतेय, दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. एकच शंका. आदल्या दिवशी पाऊस झाला तर बेत मोडायचा का?

डोंगरीकाठचा
ताई, जेवण उत्तम. फक्त वर खायला बसाल तेव्हा माकडांपासून पिशवी सांभाळा, आणि प्लास्टिक परत घेऊन या. आदल्या दिवशी रिमझिम झाली असेल तर या, गड होईल, केदारकुंड सोडा. जोराचा झाला असेल तर बाबांना घेऊन फक्त देवीचं दर्शन करा, गडाला हात लावू नका. आणि चाळीसगावकडे बघून ठरवू नका, कन्नडला ओळखीचं कोणी असेल तर सकाळी सहाला फोन करून वरचं आभाळ विचारा. दरीत रेंज जाते, तो फोन पायथ्याच्या आधीच करा. जपीसन या.

कन्नडकर
मंजूताई, ओळखीचं कोणी नसलं तर शनिवारी रात्री इथेच लिहा. रविवारी पहाटे उठून वरचं आभाळ मी कळवतो.