क्लायंटसाठी कम्युनिटी साइट: प्लगिन लावायला शिकावं की आतलं यंत्र बांधायला?

खटाटोपी
वर्षभर नोकरी सांभाळून वेब डेव्हलपमेंट शिकतोय. चार पानांची साइट, संपर्काचा फॉर्म वगैरे जमतं. आता लोक वेगळंच मागायला लागलेत: "आमच्या सभासदांसाठी छोटं फेसबुक करून द्या." म्हणजे प्रोफाइल, मैत्री, गट, निरोप, लाइक, सगळंच.

माझं मत असं की हे शिकायचं तर कोऱ्या फाइलपासून स्वतः लिहावं. वर्डप्रेस या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर बडीप्रेस हे सोशल नेटवर्कचं प्लगिन (आयता जोडायचा भाग) टाकून वर थीम चढवली की साइट उभी राहते, पण माणूस काही शिकत नाही. मैत्रीची नोंद डेटाबेसमध्ये एका ओळीत ठेवायची की दोन, हे ज्याला सांगता येत नाही त्याने असली कामं घेऊच नयेत. झोडा.

आळशी_कोडर
झोडतो. क्लायंट तुमच्या शिक्षणाची फी भरायला बसलेला नाही.

बडीप्रेसची १.० आवृत्ती २००९ साली आली. तेव्हापासून लोकांनी त्यात चुका शोधल्या आणि बुजवल्या. त्याच चुका तुम्ही पहिल्यापासून करणार, आणि त्याही दुसऱ्याच्या सभासदांवर. शिवाय उद्या तुम्ही काम सोडलंत तर? बडीप्रेस सांभाळणारा दुसरा कोणी मिळेल. तुमचा कोड वाचणारा कुठून आणायचा?

खटाटोपी
आणि साइट रांगायला लागली की? फीडचंच, म्हणजे मित्रांच्या नव्या लेखनाच्या यादीचंच बघा. कोणी काही लिहिलं की ते लगेच प्रत्येक मित्राच्या फीडमध्ये टाकून ठेवायचं, की मित्र साइट उघडेल तेव्हा गोळा करायचं? पहिल्यात लिहिणं जड, दुसऱ्यात वाचणं जड. फ्रेंडस्टर ही सोशल साइट २००२ साली आली, धो धो चालली, आणि मित्रांच्या मित्रांचं जाळं मोजता मोजता पानं उघडेनाशी झाली. लोक कंटाळून मायस्पेस या दुसऱ्या सोशल साइटवर गेले. हे प्लगिनच्या सेटिंगमध्ये शिकायला मिळत नाही.

आळशी_कोडर
तुमच्या क्लायंटचे सभासद किती?

खटाटोपी
तीनशे.

आळशी_कोडर
तीनशे माणसांच्या फीडला एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आणि एक बरा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) पुरतो. फ्रेंडस्टरला बसू द्या स्वर्गात.

स्वतः लिहिणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट सांगतो. मायस्पेसवर प्रोफाइलमध्ये एचटीएमएल घालता यायचं. 'जावास्क्रिप्ट' (ब्राउझरमध्ये कोड चालवणारी भाषा) हा शब्द साइट गाळून टाकायची. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार नावाच्या प्रोग्रॅमरने तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला कळलं नाही, काही ब्राउझरांनी मात्र तुकडे जोडून वाचले. जो त्याचं प्रोफाइल बघेल त्याच्या प्रोफाइलमध्ये तोच कोड उतरायचा. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त खाती. मायस्पेसकडे पगारी माणसं होती. तुमच्याकडे रविवार आहे.

दारावरची_बेल
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय.

मी एका मंडळासाठी अशी साइट केली होती, प्लगिन वापरूनच. पहिला आठवडा जत्रा. मग सगळे गप्प, आणि खोट्या खात्यांची रांग. नवीन खाती तपासायची कोणी, हे ठरलंच नव्हतं. मी धरून चालले होते मंडळ बघेल, मंडळ धरून चाललं होतं मी बघेन.

त्यानंतर एका बाईंना एक सभासद रोज खासगी निरोप पाठवायला लागला. त्यांनी विचारलं, "याला बंद कसं करू?" मी केलेल्या साइटवर ब्लॉकचं बटणच नव्हतं. प्रोफाइलला रंग निवडायची सोय होती. तो रंगांचा पर्याय बसवायला मी दोन दिवस घातले होते, हे आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

पुढे एकाने खातं काढून टाका म्हणून सांगितलं. मी काढलं. त्याच्या लेखांबरोबर त्याखालच्या इतरांच्या प्रतिक्रियाही गेल्या आणि ते लोक माझ्यावर चिडले. नाव पुसून लेख ठेवायचे, की सगळंच उडवायचं? हे साइट सुरू होण्याआधी क्लायंटकडून लिहून घ्यायला हवं होतं.

आणि मैत्रीची यंत्रणा हवीच कशाला? वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनने २००६ साली मांडलेला ढोबळ ठोकताळा आहे: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक सतत लिहितो. तुमच्या तीनशेंत ते तीन जण झाले. तीन लिहित्या माणसांचं लेखन "फक्त मित्रांना" दाखवलंत तर बाकीच्यांना कोरं पान दिसेल. सगळ्यांना मिळून एकच फीड द्या.

काठावर
एवढा उपद्व्याप कशाला? फेसबुकवर ग्रुप काढून द्यायचा, मोकळं व्हायचं.

दारावरची_बेल
काढा की. पण याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात बंद झाले, ऑर्कुट त्याआधीच २०१४ ला. निंग या आयती सोशल नेटवर्कं पुरवणाऱ्या साइटवर फुकट नेटवर्क काढणाऱ्यांना २०१० मध्ये पैसे भरा नाहीतर निघा असं सांगितलं गेलं. अर्थात होस्टिंगचं बिल थकलं तर आपली साइटही जाते, ते वेगळं.

खटाटोपी
बेलताई, तुमच्या गोष्टीने माझीच बाजू भक्कम होते. ब्लॉक म्हणजे नुसते निरोप थांबवणं नाही. तो माणूस शोधात दिसता कामा नये, एकाच गटात असला तर त्याच्या प्रतिक्रिया लपायला हव्यात, त्याने नाव घेतलं म्हणून ईमेल येता कामा नये. पाच-सहा जागी हात घालावा लागतो. आतलं यंत्र माहीत नसलेला माणूस हे करणार कसा?

आळशी_कोडर
प्लगिनचा कोड उघडाच असतो. वाचा. आधी दुसऱ्याचं यंत्र उघडून बघायचं, स्वतःचं घरी बांधायचं, आणि क्लायंटला पहिलं द्यायचं. यात तुमचं शिक्षण कुठे अडलं?

खटाटोपी
हं. एवढं मान्य. "वाचून कळतं" हे मात्र नाही. मला मोडल्याशिवाय कळत नाही.
शुक्रवारी क्लायंटशी बोलणं आहे. पहिला प्रश्न ठरला: तक्रार आली तर फोन कोणाचा वाजणार?

दारावरची_बेल
"तुमचाच" म्हणतील.

खटाटोपी
मग?

दारावरची_बेल
मग देखभालीचा करार वेगळा करा. आणि ब्लॉकचं बटण त्या करारात ढकलू नका, ते पहिल्या दिवशी हवं.