कॉकटीलला आधी कसं कळतं?
मालक बाहेर जायला उठायच्या आतच कॉकटील, म्हणजे तुऱ्याचा छोटा पाळीव पोपट, ओरडायला लागतो, म्हणून लगेच टेलिपथी (न सांगता मनातलं ओळखणं) म्हणायची घाई नको. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. मान न वळवता बहुतेक खोली दिसते. लॅपटॉप मिटला, चष्मा शोधला, किल्ल्या वाजल्या: हा क्रम त्याला पाठ असतो, आपल्यालाच नसतो. बर्लिनचा हान्स घोडा खूर आपटून गणितं सोडवतो म्हणत; ते 'गणित' मानसशास्त्राचा अभ्यासक ओस्कार फुंग्स्टने १९०७ मध्ये असंच उघडं पाडलं. घोडा प्रश्नकर्त्याच्या बारीक हालचाली टिपत होता.

टेलिपथी आहे का हे तपासायचंच तर लांबच्या खोलीत नाणं उडवून बाहेर जायचं की नाही ते ठरवा, पिंजऱ्यासमोर मोबाइलवर चित्रण चालू ठेवा. किमान २० वेळा, आणि फसलेल्या वेळाही लिहा. ओरडणं कमी करायला रोज ८-१० वेळा किल्ल्या वाजवून बाहेर न जाता परत बसा. ओरडल्यावर दाणा दिलात की मात्र मुसळ केरात.