मदत हवी आहे: रॉडनीला बेटावरून घालवायचं कसं?

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा पोरकट आहे, पण गेले दोन महिने डोक्याला भुंगा लागलाय म्हणून धागा काढतेय. ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स (बेटावर प्राण्यांच्या शेजारी राहायचा व्हिडिओ गेम) खेळणारं इथे कुणी असेल तर प्लीज वाचा. न खेळणाऱ्यांनी हसून पुढे गेलात तरी राग नाही.

गेम आला २०२० च्या मार्चमध्ये, मी सुरू केला बऱ्याच उशिरा. त्यामुळे ज्यांची बेटं सजवून झाली आहेत त्यांना हे प्रश्न बाळबोध वाटतील. बेटावर जास्तीत जास्त दहा शेजारी राहू शकतात आणि माझे दहाही भरलेत. त्यातल्या नऊ जणांबद्दल काही म्हणणं नाही. दहावा रॉडनी. हॅमस्टर आहे, स्वभाव 'स्मग', म्हणजे आपल्याकडे ज्याला दीडशहाणा म्हणतात तसा. समोर आला की आधी स्वतःचं कौतुक, मग माझ्यावर उपकार केल्यासारखं एखादं वाक्य, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ले हॅम'. त्याला मी निवडलेलं नाही. कॅम्पसाइट बांधल्यावर तंबूत जो पहिला पाहुणा येतो त्याला घर द्यावंच लागतं, नाहीतर गेम पुढेच सरकत नाही. माझ्या नशिबी हा आला.

आतापर्यंत केलेले उपाय सांगते. फुलपाखरं पकडायच्या जाळीने डोक्यात हाणलं (हो, मी हे केलंय). वाटेत खड्डे करून त्याला पाडलं. तीन आठवडे एक शब्द बोलले नाही. मग रेसिडेंट सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे बेटाच्या कचेरीत जाऊन तिथल्या इझाबेलकडे रीतसर तक्रार केली. ती गोड हसून म्हणाली, मी बोलते त्याच्याशी. दुसऱ्या दिवशी स्वारी आपली तळ्याकाठी गाणं म्हणत उभी! वर 'ले हॅम' संसर्गजन्य निघालं. मरीना, माझी लाडकी गुलाबी ऑक्टोपस, परवा वाक्य संपवताना 'ले हॅम' म्हणाली. तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

आणि आता खरा घोटाळा. सुट्टीत भाचा आला होता. एका स्विचवर (ज्या यंत्रावर हा गेम खेळतात ते) एकच बेट, त्यामुळे त्याचं घरही माझ्याच बेटावर. मी आंघोळीला गेले तेवढ्यात मॉली त्याला म्हणाली की मी बेट सोडून जायचा विचार करतेय, आणि पठ्ठ्याने 'जा' सांगून टाकलं. मॉली! ते शांत, गोड बदक! जिला मी रोज फुलं द्यायचे. दोन दिवसांनी तिच्या जागी 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी, आणि मी हळहळत बसले तोवर त्याच्या पुढच्या सकाळी पाटीवर 'विकला गेला'. कुणालाही न विचारता एक शहामृग राहायला आलं.

तर प्रश्न असा, की रॉडनीला घालवायचा खात्रीचा मार्ग आहे का? आणि जागा रिकामी झाली तर तिथे बॉब (जांभळा मांजर) आणायची शक्यता किती? माझ्याकडे माइल्सची (गेममधल्या पॉइंटांची) १४ तिकिटं साठली आहेत, ज्यांवर दुसऱ्या बेटांवर जाऊन नवे शेजारी शोधता येतात.

प्रतिसाद

ताई, आधी ती जाळी ठेवा खाली. मारून, पाडून, अबोला धरून कुणी जात नाही. मैत्री कमी असली की जाण्याचा विषय निघायची शक्यता किंचित वाढते, असं गेमची आतली आकडेमोड उकलणाऱ्यांनी सांगितलंय खरं, पण फरक इतका बारीक की त्यासाठी तीन आठवडे तोंड फुगवून बसण्यात अर्थ नाही.

इझाबेलचंही तसंच. तिच्याकडच्या तक्रारीने फक्त दोन गोष्टी होतात. तुम्ही दिलेले भलतेसलते कपडे तो घालत असेल तर ते बदलतात, आणि बोलण्यातलं पालुपद मूळचं होतं. रॉडनीचं मूळचं पालुपद 'ले हॅम'च असल्यामुळे तिथे काही फरक पडणार नाही. पण मरीनाच्या नावाने तक्रार करा, तिचं बोलणं सुधारेल.

जाण्याचा विषय शेजारी स्वतःच काढतो. डोक्यावर विचारांचा ढग घेऊन इकडेतिकडे फिरत असतो, त्याच्याशी बोलायचं. जायचं म्हणाला तर 'जा' म्हणायचं. तुमच्या भाच्याने केलं ते हेच, फक्त माणूस चुकला.

प्रतिसाद

+१. भर घालतो. ढग दिसला म्हणजे जायचंच असतं असं नाही. कधी नवीन पालुपद सुचवा म्हणतात, कधी तुम्हाला टोपणनाव ठेवायचं असतं. मी एकदा पळत पळत अख्खं बेट ओलांडून गेलो तर त्याला मला कोणत्या नावाने हाक मारू एवढंच विचारायचं होतं.

आणि कुणी ढग घेऊन फिरताना दिसलं तर त्याच्याशी घाईने बोलू नका, आधी कोण आहे ते बघा. एका वेळी एकाच्याच डोक्यात जायचं येतं. तुम्ही 'राहा' म्हणालात की पुढचे काही दिवस तो विषय कुणीच काढत नाही. म्हणजे लाडक्याला थांबवण्यात ती पाळी खर्ची पडली.

एक दिलासा: न विचारता कुणी निघून जात नाही. सहा महिने गेम उघडला नाहीत तरी दहाच्या दहा तिथेच असतात. तण माजेल, घरात झुरळं दिसतील, पण माणसं (प्राणी) जागेवर.

धागाकर्ती

धन्यवाद दोघांनाही. मरीनाची तक्रार आजच करते, बिचारीचा काही दोष नसताना. पण रॉडनीच्या डोक्यावर ढग येण्याची वाट बघत बसायचं म्हणजे लॉटरीच की. दुसरं काही?

प्रतिसाद

ॲमिबो कार्ड (गेममधल्या एकेका प्राण्याचं, बाहेर विकत मिळणारं खरंखुरं कार्ड) घ्या आणि मोकळ्या व्हा. रेसिडेंट सर्व्हिसेसमधल्या मशिनवर कार्ड टेकवायचं, तो प्राणी तंबूत राहायला येतो. तीन वेगवेगळ्या दिवशी बोलवायचं, दर वेळी तो काहीतरी बनवून मागतो, ते बनवून द्यायचं. तिसऱ्या वेळी राहायला येतोस का विचारलं की तयार होतो. आणि कुणाच्या जागी, हे तुम्ही निवडता. दहा जणांची यादी समोर येते, त्यात रॉडनीवर बोट ठेवायचं. खात्रीचा म्हणाल तर हा एकच मार्ग. बॉबचं कार्ड मिळालं तर एका दगडात दोन पक्षी.

प्रतिसाद

कार्डाने मजा जाते हो. आयता शेजारी आणायचा तर खेळायचं कशाला? (हे माझं वैयक्तिक मत, हलके घ्या.)

तिकिटांबद्दल सांगते. तंबू आणि कार्ड वगळता बॉबला शोधायला बेट-बेट फिरावं लागेल, आणि त्यासाठी तुमच्या बेटावर एक प्लॉट रिकामा लागतो. दहा घरं भरलेली असतील तर त्या निर्जन बेटांवर कुणी भेटतच नाही. म्हणजे आत्ता तुमची १४ तिकिटं फक्त लोखंड आणि लाकूड आणायच्या कामाची. २००० माइल्सला एक तिकीट, उगाच उडवू नका.

वेळापत्रक लक्षात ठेवा. आज तो जायला तयार झाला की उद्या घरात खोकी बांधत बसलेला असतो. परवा प्लॉट रिकामा. शिकारीचा दिवस तो एकच धरून चाला. गेमचा दिवस पहाटे ५ वाजता बदलतो. त्यानंतर गेम स्वतःच कुणालातरी आणून बसवू शकतो, जसं तुमचं शहामृग. त्यामुळे त्या दिवशी सगळी तिकिटं खिशात हवीत.

आता हिशेब. बेटावर कोण भेटणार हे ठरवताना गेम आधी प्राण्याची जात निवडतो आणि मग त्या जातीतला एक जण. जाती ३५. ऑक्टोपस सगळे मिळून ४, त्यामुळे एखादा ठरावीक ऑक्टोपस भेटायची शक्यता १४० त एक. मांजरं २३. म्हणजे बॉब ८०५ त एक. १४ तिकिटांवर बॉब मिळाला तर त्याच दिवशी लॉटरीही काढा.

धागाकर्ती

८०५?? मला वाटलं होतं पन्नासेक. बॉब राहू दे मग. मला आता फक्त रॉडनी नको आहे, त्याच्या जागी कोणी का येईना.

प्रतिसाद

मग स्विचची तारीख पुढे ढकला. एकेक दिवस पुढे जात राहायचं, रोज बेटावर चक्कर मारून ढग कुणाच्या डोक्यावर आहे ते बघायचं. संध्याकाळभरात महिना संपतो. फक्त शलगम विकत घेऊन ठेवले असतील तर आधी विकून टाका, तारीख मागे नेली किंवा पुढचा रविवार उजाडला की ते सडतात. मी शलगमांच्या थप्प्या अशाच घालवल्या आहेत.

प्रतिसाद

तारीख बदलणं म्हणजे फसवाफसवी, यावर वेगळा धागा निघेल आणि त्याची शंभरीही होईल, म्हणून इथे थांबतो.

तंबूतला पाहुणा कुणी सांगितला नाही अजून. दहा घरं भरलेली असताना कॅम्पसाइटवर कुणी आलं तर त्याला इथेच राहा म्हणून गळ घालत राहायची. नाही नाही म्हणतो, मग पत्त्यांचा खेळ काढतो: पान लाल की काळं, किंवा इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी कुठलं. ओळखलं तर राहायला तयार. मग म्हणतो, जागा तर नाही, अमक्याच्या जागी येऊ का? तो अमका गेम निवडतो, तुम्ही नाही. पण भलत्याचंच नाव घेतलं तर तिथेच, संवाद चालू असताना, होम बटण दाबून गेम बंद करा. सेव्ह झालेलं नसतं. परत उघडायचं, परत तंबू, परत पत्ते. रॉडनीचं नाव येईपर्यंत. मात्र तंबूत शिरायच्या आधी वजा बटणाने एकदा सेव्ह करून घ्या, नाहीतर दिवसभराची मेहनत जाईल.

अवांतर: स्मग स्वभावाचा तुमच्याकडे रॉडनी एकटाच असेल तर घालवण्याआधी विचार करा. हातवारे आणि हावभाव, म्हणजे त्या रिॲक्शन्स, स्वभावानुसार वेगवेगळे शेजारी शिकवतात. आठ स्वभाव आहेत. स्मगवाल्या शिकून झाल्या का?

धागाकर्ती

शिकून झाल्या की नाही ते बघितलंच नाही, कारण बोलतच नव्हते ना त्याच्याशी.

धागाकर्ती

अपडेट. नऊ दिवसांनी लिहितेय.

तिसऱ्या दिवशी रॉडनीच्या डोक्यावर ढग! हातातली फावडी टाकून धावले. म्हणतो, माझं पालुपद जुनं झालं, नवीन सुचव. मी रागाच्या भरात 'जातो मी' असं लिहून दिलं. तेव्हापासून तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जातो मी' म्हणत होता आणि जात नव्हता.

मग परवा तंबूत पाहुणा आला, अपोलो नावाचा गरुड. खडूस स्वभाव, पण मला आवडला. निदान तो स्वतःच्या केसांबद्दल बोलत नाही. वर सांगितल्याप्रमाणे आधी सेव्ह केलं आणि बसले. पहिल्यांदा पान काळं म्हटलं, लाल निघालं. दुसऱ्यांदा जिंकले, तर म्हणतो मरीनाच्या जागी येऊ का. गेम बंद. मग पुन्हा दोनदा पान चुकलं. मग त्याने शहामृगाचं नाव घेतलं, तिथे मी खरंच अर्धा मिनिट विचार केला. गेम बंद. पुढच्या वेळी परत मरीना. तिच्यावर का डोळा आहे याचा कोण जाणे. आठव्या खेपेला 'रॉडनी' हे नाव पडद्यावर आलं तेव्हा मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतून काय झालं म्हणून विचारणा झाली.

काल त्याच्या घरी गेले. सगळीकडे खोकी. मध्यभागी हा उभा, म्हणाला तुझी आठवण येईल, जातो मी. आज तिथे अपोलोची खोकी आहेत.

मला अजिबात वाईट वाटलेलं नाही, हे नोंदवून ठेवते. सर्वांचे मनापासून आभार.

प्रतिसाद

'जातो मी' वाचून हसून हसून पुरेवाट. अभिनंदन ताई! धाग्याचा शेवट गोड झाला.

धागाकर्ती

गोड कसला. आत्ता भाच्याचा फोन येऊन गेला. मावशी, रॉडनी कुठे गेला? त्याच्या घराच्या भिंतीवर रॉडनीचा फ्रेम केलेला फोटो आहे, रॉडनीनेच दिलेला. रोज भेटवस्तू देऊन देऊन मिळवलाय म्हणे. सुट्टीभर दोघांचं गूळपीठ होतं आणि मला पत्ता नाही. मॉलीला का जाऊ दिलंस म्हटलं तर म्हणाला, ती मला काहीच देत नव्हती.

तर नवीन प्रश्न. रॉडनीचं ॲमिबो कार्ड सुटं मिळतं, की अख्खी पाकिटं फोडत बसावं लागतं? आणि त्याला परत आणायचंच झालं तर शहामृगाच्या जागी आणता येईल ना? मरीनाला हात लावायचा नाहीये.